कुठले चव्हाण?

फर्स्ट शिफ्ट सुटली की आमच्या गेटवर बसची आणि माणसांची एकच झुंबड उडते. त्या गर्दीत कुणी 'ओ चव्हाण!' अशी हाक मारली, तर निदान चार माना वळतात. त्यातली एक माझी. बाकीच्या तिघांपैकी एक प्रेस शॉपचा, एक पेंट शॉपचा आणि एक कँटीनवाला. हाक बहुतेक वेळा कँटीनवाल्याला असते. तरी आम्ही वळतोच. ठेच लागल्यावर 'आई गं' जसं आपोआप निघतं, तशी हाकेला मान वळते. ती आपल्याला नव्हतीच, हे मागाहून कळतं.

मी टाइम ऑफिसचा माणूस. हजेरी, ओटी, रजा, गेटपास. आधी भोसरीत होतो, आता चाकणला, महाळुंग्याच्या बाजूला. लोकांचा जन्म लोखंडात गेला, माझा नावांत. पूर्वी मस्टरवर निळ्या शाईनं लिहायचो, आता पडद्यावर बोट फिरवतो. पाटील, पवार, जाधव, शिंदे, चव्हाण. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, घाटमाथा, सगळीकडून माणसं या पट्ट्यात पोटासाठी येतात आणि येताना सामानात हीच पाच-सहा आडनावं घेऊन येतात.

माझ्या स्वतःच्या नावाचीही एक गोष्ट आहे. १९७५ च्या उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, चव्हाणांच्या घरी मुलगा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मराठवाड्याचा माणूस पहिल्यांदा महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला होता. तोही नांदेडच्या राजकारणातून वर आलेला, आणि तोही चव्हाण. मुलाचं नाव काय ठेवलं असेल, ते वेगळं सांगायला नको. आमच्या गावात त्या एका वर्षात त्या नावाची तीन पोरं निपजली. शाळेत गुरुजींनी थोरला, मधला आणि बारका अशी विभागणी केली. मी बारका. पुढे उंची वाढली, पण गावात अजून बारकाच.

वडिलांना वाटायचं, नाव मोठं ठेवलं की पोरगं मोठं होतं. ज्यांच्यावरून नाव ठेवलं त्या शंकररावांना लोक 'हेडमास्तर' म्हणायचे. शिस्तीचा, वेळेचा, फाइल स्वतः वाचणारा माणूस अशी त्यांची ख्याती. मी मुख्यमंत्री काही झालो नाही, पण हजेरी मात्र घेतो. सात वाजून सहा मिनिटांनी कार्ड दाखवणाऱ्याकडे चष्म्यावरून बघतो तेव्हा मला वाटतं, नाव अगदीच वाया गेलं नाही.

चव्हाण या आडनावाचा महाराष्ट्राच्या गादीशी काय ऋणानुबंध आहे कोण जाणे. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा यशवंतराव. मग शंकरराव, दोन वेळा. मग २००८ च्या डिसेंबरात शंकररावांचे चिरंजीव अशोकराव. आणि ११ नोव्हेंबर २०१० ला त्यांच्या जागी कराडचे पृथ्वीराज. चव्हाण गेले, चव्हाण आले. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये एकानं विचारलं होतं, "मग पाटी बदलायची का नुसतं पुढचं नाव खोडायचं?" चार मुख्यमंत्री, त्यातले दोघं बापलेक. बाकी नातं म्हणावं तर पक्षाचं.

त्यातही यशवंतराव आणि शंकरराव यांचा मला नेहमी अचंबा वाटतो. एक कृष्णाकाठचे, दुसरे गोदाकाठचे. एक यशवंत बळवंत, दुसरे शंकर भाऊराव. दिल्लीत गेल्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांची वाय. बी. आणि एस. बी. अशी वाटणी केली; शेवटचं अक्षरही तेच, वडिलांच्या नावाचं. वाय. बी. १९६२ साली चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, मग गृह, मग अर्थ. एस. बी. सुद्धा संरक्षण, गृह, अर्थ या तिन्ही खात्यांत बसून आले, वीसेक वर्षांनी. त्या खात्यांतला एखादा जुना शिपाई दोन्ही चव्हाणांच्या दारावर उभा राहिला असेल का? मला त्या शिपायाला भेटायचं होतं.

आमच्या घराचं तर असं की वडील शेवटी आजारी पडले ते नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. ते कॉलेज शंकररावांच्या नावाचं. माझी धाकटी जन्मली पिंपरीत, संत तुकारामनगरला, वायसीएममध्ये. ते यशवंतरावांच्या नावाचं. जाणं एका चव्हाणांकडून, येणं दुसऱ्यांकडून. वायसीएमच्या ओपीडीत 'चव्हाण' असा पुकारा झाला की बाकावरून तीन-चार जण एकदम उठायचे, आणि भिंतीवरच्या तसबिरीतले चव्हाण तेवढे बसून असायचे.

मग तो प्रश्न यायचा. "कुठले चव्हाण?"

हा प्रश्न महाराष्ट्रात दोन प्रकारांनी विचारला जातो. एक सरळ: कुठल्या गावचे, कुणाचे कोण, आमच्या ओळखीतले आहात का. दुसरा तिरका. ज्याला तो विचारला जातो त्याला पहिल्या शब्दातच कळतं की हा तिरका आहे. चव्हाण मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, आणखीही कितीतरी समाजांत आहेत. आडनावावरून जात कळली नाही की विचारणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं, आणि ते काढायला तो गाव विचारतो. गावावरून नाही कळलं तर वाडी. वाडीवरून नाही तर देव. मी खोली शोधत भोसरीत फिरलो तेव्हा हा प्रश्न मलाही आला होता. माझं उत्तर चाललं, खोली मिळाली. ते उत्तर प्रत्येकाचं चालत नाही, हे मला पुढे कळलं.

कळलं ते एका चुकीमुळे. चूक माझी. साल २००६. भोसरीच्या त्या वर्कशॉपात हजेरीही मीच लिहायचो आणि बँकेला जाणारी पगाराची यादीही मीच करायचो. त्या वर्षी एक हेल्पर लागला. नाव माझंच, आडनाव माझंच. मधलं नाव तेवढं वेगळं. यादी करताना मी दोन खात्यांचे नंबर उलटसुलट केले. माझा सात हजार दोनशे त्याच्या खात्यात गेला, त्याचा तीन हजार चारशे माझ्या. मला कळायच्या आधी तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी उभा. खिशातून रुमाल काढला. त्याच्या एका टोकाला गाठ. ती गाठ त्यानं दातांनी सोडवली, कारण दोन्ही हातांना ग्रीस. आत शंभराच्या अडतीस नोटा. कडांना काळे ठसे उमटलेले.

"तुमचे वरचे अडतीसशे," तो म्हणाला. "माझे तीन हजार चारशे तुमच्याकडं आहेत, ते राहू द्या. फिटलं."

एवढा हिशेब मला कागदावर मांडायला लागला असता. त्यानं तो रात्री खोलीवर मनातल्या मनात केला होता. मी खाली मान घालून नोटा मोजल्या. मोजायला नको होत्या, पण सवय. मग विचारलं, आणि सरळ विचारलं, शपथ घेऊन सांगतो, "कुठले चव्हाण?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "तांड्यावरचे." गाव त्यानं नंतर सांगितलं: वाशिम जिल्ह्यात, मानोऱ्याच्या बाजूला, पोहरादेवीपासून जवळ. पण आधी तांडा सांगितला, कारण प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्याला कितीदा विचारला गेला असेल तो प्रश्न, आणि कुणाकुणाकडून! त्याला खोली चौथ्या ठिकाणी मिळाली होती.

पुढे कळलं, त्याचं नाव मुख्यमंत्र्यावरून नाही, महादेवावरून. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, नवस केला होता. त्यांच्या भागात मुख्यमंत्री म्हणजे नाईक. वसंतराव, पुसदजवळच्या गहुलीचे, अकरा वर्षांहून जास्त काळ गादीवर, आणि मग १९९१ मध्ये पुतणे सुधाकरराव. "आमचे दोन नाईक, तुमचे चार चव्हाण," तो म्हणायचा, "पण चव्हाण तर मी पण." मी त्याला म्हणायचो, मग तीन तीन वाटून घेऊ.

गावांचंही माणसांसारखंच. पिंपरी-चिंचवडमध्ये पिंपळे तीन आहेत. गुरव, सौदागर आणि निलख ही शेपटं नसती तर पोस्टमन वेडा झाला असता. इंद्रायणीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक, पलीकडे चऱ्होली खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसी शब्द, पण इतके मुरले की आता मराठी मातीचेच. माणसांनाही आपण तेच केलं. थोरले बाजीराव, थोरले माधवराव, सवाई माधवराव. घरात नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं. आजीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मग त्याच पोराला बाळ नाहीतर बंडू म्हणून हाक मारायची. रघुनाथरावांनीही मुलाला आपल्या वडिलांचं नाव दिलं. त्या आजोबानं घोडा नर्मदेपार नेला. नातवानं १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला तहावर सही केली, आणि पंधरा वर्षांत पुणं गेलं. नाव तेच, बाजीराव. बारशाला घुगऱ्या वाटणाऱ्यांना काय माहीत.

आमच्या महाळुंग्याचं पूर्ण नाव महाळुंगे इंगळे. दुसरं महाळुंगे बालेवाडीला लागून आहे. इंटरव्ह्यूला आलेलं एखादं पोर शर्टाच्या बाह्या खाली सोडून, फाइल छातीशी धरून दोन तास उशिरा गेटवर येतं आणि रडवेल्या आवाजात सांगतं, "सर, मी दुसऱ्या महाळुंग्याला गेलो होतो." त्याला मी आधी पाणी देतो.

टाइम ऑफिसात आम्ही हेच करतो. चव्हाण प्रेस शॉप, चव्हाण नांदेड, चव्हाण चष्मा. हे आमचं अडाणी काम आहे असं मी समजत होतो. मग एकदा कळलं की देशाचा कायदाही नेमकं हेच करतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत बाविसावा नियम आहे: दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर त्यांच्या नावापुढे धंदा किंवा राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही लिहून त्यांना वेगळं करावं. चव्हाण प्रेस शॉप! दिल्लीत बसून कुणीतरी माझंच मस्टर लिहून ठेवलं होतं.

एकदा आमच्याकडे नवा प्रेस बसवायला कोरियाहून तीन माणसं आली. गेटपासच्या वहीत नाव लिहायचं म्हणून पासपोर्ट मागितले. पहिला किम. दुसरा किम. मी तिसऱ्याकडे पाहिलं, तोही किम. हा तिसरा त्यांचा दुभाषी; तो हसला. म्हणाला, आमच्याकडे दर पाच माणसांत एक किम असतो. तीन-चार दिवस ते जेवायला माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे, आणि डाळीला हिंग कशाचा हे समजावून घेता घेता त्या दुभाष्यानं मला त्यांच्या राजकारणातले तीन किम सांगितले. १९८७ साली बऱ्याच वर्षांनी लोकांना थेट राष्ट्राध्यक्ष निवडायची संधी मिळाली. लष्कराच्या जवळचा उमेदवार रोह ते-वू. त्याच्यासमोर लोकशाहीसाठी तुरुंग आणि नजरकैद भोगलेले दोन किम: किम यंग-साम आणि किम दे-जुंग. दोघांनी मिळून एक उभा राहायचा, तर दोघंही राहिले. शिवाय तिसरा किम होताच. रोहला सदतीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तो निवडून आला. दोन किमांची बेरीज पंचावन्नाच्या घरात होती. मग १९९३ मध्ये पहिला किम राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९९८ मध्ये त्याच्या जागी दुसरा. किम गेले, किम आले. मी त्यांना आमच्या २०१० ची गोष्ट सांगितली. तिन्ही किम एकदम हसले, जरी त्यातल्या दोघांना ती भाषांतर होऊन अर्ध्या मिनिटानं कळली.

पण तिथे गोंधळ नव्हता. कोण कुठला किम, हे प्रत्येक मतदाराला पाठ होतं. आपल्याकडे खेळ वेगळाच चालतो.

१६ मे २०१४. लोकसभेचा निकाल, कँटीनमध्ये टीव्ही लावलेला. आमच्या लाइनवर माणगावचा एक फिटर होता. त्याचा सगळा जीव रायगडात. शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. फेरीमागून फेरी आकडा खालीवर. शेवटी गीते २,११० मतांनी आले. आणि मग पडद्याच्या तळाला ती ओळ सरकली: सुनील तटकरे, अपक्ष, ९,८४९. फिटरनं तोंडातला घास तसाच धरून ठेवला. त्याची आई शिकलेली, आजी अंगठाबहाद्दर. त्यानं दोघींना फोन केला. आजी म्हणाली, "मी घड्याळ बघितलं, दाबलं." आई गप्प झाली. मग म्हणाली, "नाव तर तटकरेच होतं."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. निवडणूक चिन्हं आणली ती अक्षरओळख नसलेल्यांसाठी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून. नावाचा हा चकवा त्यांना लागत नाही. तो लागतो वाचता येणाऱ्याला. नाव वाचलं की त्याला वाटतं, आपल्याला समजलं. तो पुढे विचारतच नाही, कुठला तटकरे? आयुष्यभर शेजाऱ्याला, जावयाला, भाडेकरूला हा प्रश्न विचारणारी माणसं त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली की नेमकी तिथे तो विसरतात.

२०१५ पासून आयोगानं यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सुरुवात केली. तरी २०२४ ला दिंडोरीत भास्कर भगरे सर उभे होते, पेशानं शिक्षक, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणि बाबू भगरे नावाचे एक अपक्ष, नावापुढे तेही सर, चिन्ह तुतारी. अपक्षाला लाखाहून जास्त मतं. भास्कर भगरे तरीही निवडून आले, म्हणून निभावलं. त्याच वर्षी तमिळनाडूत रामनाथपुरमला माजी मुख्यमंत्री पन्नीरसेल्वम यांच्यासमोर आणखी पाच पन्नीरसेल्वम होते. २०२१ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये तर बोरिस विश्नेव्स्की यांच्याविरुद्ध दोघांनी चक्क नाव बदलून बोरिस विश्नेव्स्की करून घेतलं, आणि फोटोत दाढीसुद्धा तशीच.

त्या रशियन जोडगोळीला मी काही म्हणणार नाही, दाढीसकट त्यांचं त्यांना लखलाभ. पण आपल्या वर्तमानपत्रांत अशा प्रत्येक माणसाला 'डमी' म्हणतात, ते मला खुपतं. अशी माणसं शोधून उभी केली जातात, हा आरोप दर निवडणुकीला होतो, आणि शोधणारा पुण्य करत नाही हे उघड आहे. पण ज्याला शोधलं त्याचं नाव खोटं नाही. ते त्याच्या बारशाचं आहे. त्याच नावानं त्याला रेशन मिळालं, मार खाल्ला, लग्नपत्रिका छापली. एक दिवस कुणीतरी मोटारीतून येतो आणि सांगतो की तुझ्या नावाला किंमत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच असं कुणी सांगितलं असेल. मोह होणार नाही? २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात याचिका आली होती की एकाच नावाच्या उमेदवारांना आवर घाला. आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती गवईंच्या खंडपीठानं ती ऐकायला नकार दिला. आईबापांनी नाव ठेवलं म्हणून माणसाला निवडणूक लढवायची बंदी कशी करणार, असा त्यांचा सवाल होता. निकाल वाचून मला माझा तो हेल्पर आठवला, खिडकीशी उभा, दातांनी गाठ सोडवणारा. आमच्या दोघांत डमी कोण? हजेरीत त्याचा टोकन नंबर माझ्यानंतरचा होता, एवढंच.

तो आता चाकणला नाही. भोसरीचं वर्कशॉप बंद झालं, मग काही वर्षं कुरुळीला कंत्राटावर होता, मग तांड्यावर परत गेला. सोयाबीन, तूर, दोन म्हशी. त्याचा नंबर फोनमध्ये मी त्याच्या नावानं ठेवलाय, म्हणजे माझ्याच नावानं. त्यानंही तसंच केलंय.

२०२६ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक झाली, जवळजवळ नऊ वर्षांनी. मोशीच्या शाळेत आमचं केंद्र. यादीत माझं नाव आणि आडनाव असलेले आम्ही तिघं, वडिलांच्या नावानं वेगळे. माझा नंबर आला, अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं. मागच्या बाकावरचा पोलिंग एजंट पेन उचलून म्हणाला, "कुठले चव्हाण?" मी वडिलांचं नाव सांगितलं. मोठ्यानं. ते गेल्याला अकरा वर्षं झाली होती; भरल्या खोलीत त्यांचं नाव इतक्या मोठ्यानं मी त्यानंतर घेतलं नव्हतं. एजंटानं खूण केली.

चार मतं द्यायची होती. प्रत्येक वेळी नाव वाचलं, चिन्ह वाचलं, परत नाव वाचलं. मागे रांग कुरकुरायला लागली. बाहेर आलो तर बायको माझा फोन धरून उभी. आत न्यायचा नाही म्हणून तिच्याकडे दिला होता. फोन वाजत होता.

"घ्या," ती म्हणाली, "तुमचाच आलाय तुम्हाला."

पडद्यावर माझं नाव. मी कानाला लावला. पलीकडे म्हैस हंबरत होती.

"कोण?"

"चव्हाण."

"कुठले?"

तो हसायला लागला, आणि मग त्यानं तुरीचा भाव विचारला.